अकरा किलो शिसं

बंदुकीच्या गोळ्या घरच्या घरी ओततात, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत गोळी म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे लिमलेटची, मग डोकेदुखीची आणि अलीकडे रक्तदाबाची, अशा वयोमानानुसार गोळ्या येत असत. बंदुकीची गोळी ही खडकीला किंवा वरणगावला, सरकारी कारखान्यात, खाकीतल्या लोकांच्या देखरेखीखाली जन्माला येते, आपण फक्त तिच्यापासून लांब राहायचं, अशी माझी समजूत होती.

ही समजूत भाच्याने मोडली. भाचा टेक्सासात डॅलसला असतो. संक्रांतीला आला होता, म्हणून त्याला गड्डा यात्रेला घेऊन गेलो. सिद्धेश्वराचं दर्शन झालं, भगरे भाकरी-चटणीकडे वळायचं ठरत होतं, तेवढ्यात फुगे फोडायच्या बंदुकीचा स्टॉल लागला. भाच्याने दहा छर्रे मारले आणि दहा फुगे फोडले. मी दहा मारले. एक कापडाला लागला, एक स्टॉलच्या बांबूला लागला, बाकीचे आठ कुठे गेले ते सिद्धेश्वरालाच ठाऊक. स्टॉलवाला म्हणाला, "काका, अजून एक मारा, फुकट." सोलापुरात माणूस फुकट काही देऊ लागला की समजावं, आपली दशा फार वाईट आहे.

रात्री गच्चीवर भाच्याने मला समजावून सांगितलं. तिकडे म्हणे लोक शनिवारी गॅरेजमध्ये बसून गोळ्या ओततात. आपण कुरडया घालाव्यात तशा. विजेवर तापणारं एक भांडं, एक पळी, चिमट्यासारखा उघडझाप होणारा साचा, डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे, आणि शिसं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे धातूंच्या मानाने ते फारच लवकर पाझरतं. "पण मामा, दारं-खिडक्या उघड्या हव्यात, त्याची वाफ आणि धूळ वाईट. आणि पाण्याचा एक थेंब जरी त्या भांड्यात पडला, तर वाफ होऊन सगळं शिसं अंगावर उडतं." शेवटी म्हणाला, "सुरुवातीला एवढं सामान पुरे."

"सुरुवातीला एवढं पुरे" या वाक्याने माझं आयुष्य नासवलेलं आहे. आमच्या भवानी पेठेतल्या घराचा माळा हा या वाक्याचा परिपाक आहे. तिथे एक पेटी आहे, जिच्यावर मी 'सा' पर्यंत पोचलो. एक दुर्बीण आहे, तिच्यातून मी एकदा चंद्र आणि अनेकदा समोरच्यांच्या गच्चीवरचे पापड पाहिले. बोन्सायच्या तारा आहेत, झाड नाही. माणूस छंदात पडतो तो छंदासाठी नाही, सुरुवातीच्या सामानासाठी पडतो, असं माझं मत आहे. सामान विकत घेण्याच्या दिवशी आपण जेवढे थोर संगीतकार, खगोलशास्त्रज्ञ वा नेमबाज असतो, तेवढे पुढे कधीच नसतो.

आता नेमबाजी काही वाईट गोष्ट नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवलं, स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं. कोल्हापूर करतं ते सोलापूरने का करू नये, एवढा विचार मला पुरेसा होता. राहता राहिलं शिसं. भाचा म्हणाला, तिकडे मोटारींच्या चाकांना तोल साधायला जी शिशाची वजनं लावतात ती लोक गोळा करत. आता बऱ्याच राज्यांनी त्यांच्यावर बंदी घातली, जस्ताची नि पोलादाची वजनं आली, आणि जस्ताचं एक वजन चुकून पडलं तरी सगळं भांडं नासतं. "सगळ्यात उत्तम म्हणजे मामा, छापखान्याचे जुने खिळे. त्यात अँटिमनी आणि कथील असतं ना, म्हणून कडक. नुसतं शिसं नखाने ओरखडतं. खिळे मिळाले तर तिकडे लोक उड्या मारतात."

हे ऐकून मी मात्र उडी मारली नाही. कारण खिळे कुठे मिळतील हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि तिथे जाण्याचं मी बरीच वर्षं टाळत होतो.

त्याआधी वकीलसाहेबांचा अडथळा पार करायचा होता. ते आमच्या शेजारी राहतात आणि विचारलं नाही तरी सल्ला देतात; विचारला तर फी सांगतात, म्हणून मी विचारलं नाही, नुसतं त्यांच्या देखत भाच्याशी मोठ्याने बोललो. ते लगेच कुंपणाशी आले. "१९५९ चा शस्त्र कायदा, कलम पाच. परवान्याशिवाय दारूगोळा बनवायचा नाही. गोळी तर सोडाच, गोळी बनवायचं यंत्र हेसुद्धा कायद्याच्या भाषेत दारूगोळाच. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात वर्षांपेक्षा कमी नाही."

"आणि एअरगनचे छर्रे?"

"ते दुकानात डबीने मिळतात. तुम्ही का ओतताय?"

"मग नुसतं शिसं वितळवायला तरी..."

"गळाला लावायचे गोळे ओता की. हिप्परग्याच्या तलावावर जा, मासे धरा."

"आम्ही मासे खात नाही हो."

"मग ओतू नका," असं म्हणून वकीलसाहेबांनी निकाल दिला. मात्र जाता जाता त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती पुढे माझ्या डोक्यात फार दिवस राहिली. लॉर्ड लिटनसाहेबांनी १८७८ साली हिंदुस्थानला दोन कायदे दिले. एक शस्त्रांचा. त्यात लष्करी सामानाच्या व्याख्येत गंधक आणि सोऱ्याबरोबर शिशाचंही नाव होतं. दुसरा देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचा. म्हणजे एकाच वर्षी साहेबाने शिशाच्या दोन्ही अवतारांना वेसण घातली, बंदुकीतल्या आणि छापखान्यातल्या. लिटनसाहेबाबद्दल इतर काही म्हणा, पण शिशाचा स्वभाव त्याला कळला होता.

मी तोडगा काढला. गोळीच्या आकाराचा पेपरवेट ओतायचा. पेपरवेटला परवाना लागत नाही. सौ.ला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुमच्याकडे उडण्यासारखे कागद कुठले? पेन्शनचा एक कागद, तो बँकेत आहे." आणि मग मुख्य मुद्द्यावर आली, "माझी एकही कढई मिळणार नाही."

छापखाना आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे. छापखाना म्हणायचा तो आता जुन्या सवयीने. मालक जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा फ्लेक्स छापतो. पूर्वी तिथे ट्रेडलचा आवाज शेजारच्या पॉवरलूमच्या आवाजात असा मिसळायचा की, कापड छापलं जातंय की पत्रिका विणल्या जातायत ते कळू नये. मालक माझा मित्र. कंपोझिटर लोकांना तो रोज गुळाचा खडा द्यायचा, शिसं बाधू नये म्हणून. गुळाने शिसं बाधायचं थांबत नाही हे त्याला कुणीतरी सांगितलं, तेव्हा म्हणाला, "असू दे की, तोंड तरी गोड राहतं."

मुलाने मागचा बोळ दाखवला. पोत्यांत खिळे होते. "काका, अख्खं पोतं घेऊन जावा की. भंगारवाला उद्या येणारच हाय." मी पोत्यात हात घातला. ज्यांनी कधी हाताळले नसतील त्यांच्यासाठी सांगतो, खिळा म्हणजे बोटाच्या पेराएवढी धातूची काडी, तिच्या डोक्यावर अक्षर, तेही उलटं. आरशातलं. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात देवनागरीचे असे सुबक खिळे पाडले की पोथ्यांना हस्ताक्षराची सर आली. इंग्रजीचं बरं असतं, सव्वीस अक्षरांत संसार. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून खणच खण. आणि छापून झालं की सगळे खिळे सुटे करून परत आपापल्या खणात. काल ज्या 'शु'ने 'शुभविवाह' छापला तोच आज 'शुद्धपक्ष' म्हणून तेराव्याच्या कार्डावर. अक्षराला जात नाही, गेल्या जन्मीची आठवण नाही. मला मात्र होती.

१९८४ साली मी एका संस्थेत कारकून होतो. (संस्थेचं नाव सांगत नाही. तिचा यात काही दोष नाही.) हेडक्लार्कची जागा रिकामी व्हायची होती आणि ती अण्णांना मिळणार होती. अण्णा माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, हिशेबात चोख, बोलायला मऊ. त्यांच्यानंतर माझा नंबर. एका रात्री मी आठ ओळींचं एक हँडबिल लिहिलं. फीचे पैसे कोण खातो, अशा अर्थाचं. नाव घातलं नाही, पण टोपी कुणाची हे आंधळ्याला कळावं, अशी बेतली. मालकाकडे गेलो. त्याने कागद वाचला आणि विचारलं, "हे खरं आहे का?"

मी म्हणालो, "लोक म्हणतात."

लोक म्हणत नव्हते. लोक म्हणून मी एकटाच होतो.

मालकाने कंपोझिटरला घरी पाठवलं आणि खिळे स्वतः जुळवले. त्या काळी १८६७ च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण असायला हवं होतं. त्याने ती ओळ गाळली. दीडशे प्रती दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "याचे पैसे घेऊन काय करू?" तेव्हा मला तो उदार वाटला होता.

आता तुम्ही म्हणाल, याचा गोळ्या ओतण्याशी काय संबंध? मीही बोळात पोत्याशेजारी बसून स्वतःला हेच विचारलं. विचार करायला लागलं की माणसाला आधी सोयीचे विचार सुचतात. मला वाटलं, खरं म्हणजे शिशाचा काय दोष? राजस्थानात झावरच्या खाणीत मजूर खणतो, तो म्हणणार मी पोटासाठी खणलं. भट्टीवाला म्हणणार मी वितळवलं. ओतणारा म्हणणार मी आकार दिला, पुढे ती गोळी फुग्याला लागते की फासेपारध्याच्या सशाला, मला काय ठाऊक? बंदूकवाला म्हणणार, मी हुकूम पाळला. १९३० च्या मे महिन्यात याच आमच्या सोलापुरात गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. त्या गोळ्या कुणीतरी ओतल्याच असतील. तो ओतणारा संध्याकाळी हात धुऊन मुलांना मांडीवर घेत असेल. त्याला सोलापूर नकाशात दाखवता आलं नसतं. तो दोषी का?

हे सगळं फार छान जुळत चाललं होतं. मालक म्हणणार मी फक्त छापलं, खिळे म्हणणार आम्ही तर उलटेच होतो. आणि मी? इथे साखळी अडकली. माझ्या मागे कुणी नव्हतं. मला हुकूम नव्हता, पोट भरलेलं होतं, आणि सोलापूर मला नकाशात चांगलं दाखवता येत होतं. दोषाची वाटणी करायला बसावं आणि शेवटी सगळी रक्कम आपल्याच खात्यावर यावी, असं कारकुनाच्या आयुष्यात क्वचित होतं.

गोळी आणि शब्द यांची तुलना शाळेतल्या निबंधात असते, ती मला आवडत नाही. गोळीने माणूस मरतो; हँडबिलाने अण्णा मेले नाहीत. पण कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी एक गोळी केली होती, टोकाला मऊ शिसं उघडं ठेवलेली. आत जाताना बारीक भोक पाडायची आणि आत गेल्यावर पसरायची. १८९९ साली हेगला राष्ट्रं जमली आणि त्यांनी ठरवलं की शत्रूला मारायचं असेल तर खुशाल मारा, पण पसरणाऱ्या गोळीने नको. यावर मी पूर्वी हसत असे. त्या दिवशी बोळात हसू आलं नाही. माझं हँडबिल आठ ओळींचं, बारीक. चौकशी आठ महिने चालली. अण्णांच्या वहीत पैचाही फरक निघाला नाही. तोवर जागा बाहेरच्या माणसाला मिळाली. (मला नाही. हे सांगायला हवं, कारण या सगळ्यातला तेवढाच विनोदी भाग आहे.) वहिनींनी हळदीकुंकवाला जाणं सोडलं. त्यांच्या मुलीला शाळेत पोरं "फीचोर" म्हणायची, हे मला फार उशिरा कळलं.

कानात तापलेलं शिसं ओतल्यासारखे शब्द, असं आपण सहज म्हणतो. ती काही नुसती उपमा नाही. गौतमधर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात त्रपु आणि लाख ओतावी असं लिहून ठेवलेलं आहे. त्रपु म्हणजे कुणी कथील म्हणतं, कुणी शिसं. कानाला काय फरक पडला असता? लिहिणाऱ्याचा हात मात्र त्या वेळी अगदी थंड असेल. माझाही होता.

चौकशीत मी अण्णांच्या बाजूने साक्ष दिली होती. खरी साक्ष, वह्या चोख आहेत अशी. सुटल्यावर अण्णा माझ्या घरी पेढे घेऊन आले. ते मी खाल्ले. पुढची चाळीस वर्षं आमचा घरोबा, येणंजाणं, लग्नकार्यं सगळं त्या पेढ्यांवर चाललं. मी मनाशी हिशेब केला होता की साक्षीने हँडबिल फिटलं. जमा आणि नावे. कारकुनाला दुसरं गणित येत नाही.

तर मी अकरा किलो खिळे घेतले. किलोला पावणेदोनशेने. मुलगा पैसे नको म्हणत होता. मी त्याला जरा रागावूनच पैसे दिले. पोतं रिक्षातून घरी आणलं. रिक्षावाला म्हणाला, "काका, एवढुश्या पोत्यात काय दगडं भरलाव काय?" शिसं पाण्याच्या अकरा पटींहून जड असतं, हे त्याला सांगायचं माझ्याकडे बळ नव्हतं.

पेपरवेट ओतला नाही. भाचा परत गेला होता. मी मूठभर खिळे धुऊन रुमालात बांधले आणि जुळे सोलापूरला अण्णांकडे गेलो. वय शहात्तर, गुडघे गेलेले, डोकं शाबूत. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी रुमाल सोडला.

"खिळे वाटतं," अण्णा म्हणाले. "मालकाच्या प्रेसातले काय ओ?"

मी हो म्हणालो. घसा कोरडा पडला होता. बोलायचं वाक्य रिक्षात चारदा म्हणून पाहिलं होतं, ते आता येईना. अण्णांनी एक खिळा उचलला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरला.

"ही वेलांटी. पहिली दिसते, पण उलट आहे. म्हणजे छापल्यावर दुसरी येणार." खिळा त्यांनी टेबलावर उभा केला. "'प्रामाणिक'ला तुम्ही दुसरी वेलांटी देता. आठ वर्षं तुमचे मसुदे मीच दुरुस्त करत होतो की."

हँडबिलाचा मथळा होता 'प्रामाणीकपणाचा बुरखा'. मालकाने बरहुकूम जुळवला होता.

थोड्या वेळाने मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"साक्ष दिली तुम्ही. म्हटलं, आता हा माणूस येईल. आठवड्याभरात येईल." वहिनींनी चहा आणला होता. अण्णांनी तो बशीत ओतला. "पेढे घेऊन मी तेवढ्यासाठीच आलो होतो. म्हटलं, तुम्हाला सोपं जाईल."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. फार काही बोलता आलं नाही, आणि जे बोललो त्यातलं निम्मं वहिनींनी बिस्किटं पुढे केल्यामुळे राहून गेलं. निघताना अण्णांनी विचारलं, "बाकीचे खिळे कुठं आहेत?"

"घरी. जिन्याखाली. अकरा किलो."

"काय भावानं?"

मी सांगितलं.

"महाग घेतलं," अण्णा म्हणाले. "वितळवू नका. एकदा येतो, बघून निवडू."

पोतं अजून जिन्याखाली आहे. सौ. रोज त्याला पाय अडखळला की माझ्याकडे बघते. अण्णा अजून आलेले नाहीत. गुडघ्यांमुळे असेल.